स्पॅनिश क्रियारूपे : अक्षरविभागणी आणि आघात

स्पॅनिशमध्ये आघाताची जागा बदलली की क्रियापदाचा काळ आणि पुरुष बदलतो. ‘आब्लो’ हे रूप पहिल्या अक्षरावर जोर देऊन म्हटले तर ‘मी बोलतो’, शेवटच्या अक्षरावर दिला तर ‘तो बोलला’. दुसऱ्या रूपात अखेरच्या स्वरावर तिरपी रेघ, म्हणजे ‘तिल्दे’, लिहितात. मराठीत आघाताने असा अर्थ पालटत नाही. त्यामुळे आपल्या विद्यार्थ्याने हा भाग कानाने शिकावा.

आघात ओळखण्याआधी अक्षरे पाडावीत. दोन स्वरांमधले एकटे व्यंजन पुढच्या अक्षरात जाते (को-मे-मोस, ‘आम्ही खातो’). दोन व्यंजने फुटतात (कान-तार, ‘गाणे’), मात्र ब्ल, ब्र, प्र यांसारखे गट अखंड राहतात : आ-ब्रीर, ‘उघडणे’.

खरी अडचण स्वरांची. आ, ए, ओ हे सबल स्वर शेजारी आले तरी वेगळे राहतात : ले-एर, ‘वाचणे’. दुर्बल इ किंवा उ सबल स्वरात मिसळतो. पण आघात त्या दुर्बल स्वरावरच पडला तर जोडी तुटते. ‘काम-ब्यार’ (बदलणे) आणि ‘कोन-फ्यार’ (विश्वास ठेवणे) एकाच घडणीचे, तरी ‘मी’ची रूपे काम-ब्यो आणि कोन-फी-ओ अशी होतात. हा भेद नियमाने काढता येत नाही, प्रत्येक क्रियापदाचा वेगळा लक्षात ठेवावा लागतो.

शब्द स्वराने, न् किंवा स् ने संपला तर आघात उपान्त्य अक्षरावर, एरवी अंत्य अक्षरावर. अपवादाला तिल्दे लागते : आ-ब्ला-बा-मोस (आम्ही बोलत होतो) यात ती ‘ब्ला’वर आहे. सर्वनामे जोडली तरी मूळ आघात हलत नाही, म्हणून दी-गा-मे-लो (मला ते सांगा) यात तो शेवटून चौथा.

धातूतील स्वरबदलही आघातावर अवलंबून असतो. ‘कोन-तार’ (मोजणे, सांगणे) : आघात धातूवर असताना क्वेन-तो, क्वेन-तास, प्रत्ययावर गेला की कोन-ता-मोस. अर्जेंटिनातील ‘बोस’ (तू) सर्वनामाच्या रूपात आघात शेवटी असतो, म्हणून तिथे ‘कोन-तास’ म्हणतात.

लेखनाचे नियम बदलत आले आहेत. १९५९ पासून ‘फ्वे’ (होता, गेला) आणि ‘द्यो’ (दिले) यांवरची तिल्दे गेली. २०१० च्या नियमांनी ‘ग्यो’ (त्याने वाट दाखवली) हे रूपही लेखनापुरते एकाक्षरी मानून तिल्देविना लिहायचे ठरवले. अनेक स्पॅनिश भाषक मात्र ते आजही दोन अक्षरांत उच्चारतात.