आणीबाणीची कलमे, बाबासाहेब आणि आपण

संविधान दिनाच्या आदल्या आठवड्यात इतिहासाच्या तासाला एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, १९७५ ची आणीबाणी ज्या कलमाखाली आली ते कलम बाबासाहेबांनीच मांडलं होतं ना?" वर्ग गप्प झाला. मुलगा आपल्याच वस्तीतला होता, आणि प्रश्नात खोडसाळपणा नव्हता. या प्रश्नाचे उत्तर 'होय' असेच आहे. पण नुसते 'होय' म्हणून थांबणे हा बाबासाहेबांवर अन्याय आहे, आणि प्रश्न टाळणे हा इतिहासावर अन्याय आहे. आपण बहुधा टाळतो. म्हणून त्या दिवशी वर्गात जे नीट सांगता आले नाही, ते येथे मांडत आहे.

प्रथम काळ ध्यानात घेतला पाहिजे. घटना समितीचे काम चालू असताना फाळणीच्या कत्तली ताज्या होत्या. काश्मीरमधील युद्ध १ जानेवारी १९४९ ला थांबले होते. हैदराबाद संस्थान सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर भारतात आले. त्या संस्थानात आपला मराठवाडाही होता. राष्ट्र टिकेल की फुटेल हा प्रश्न त्या वेळी पुस्तकी नव्हता. शिवाय बाबासाहेबांचे आणखी एक कारण असावे असे मला वाटते. खेडे हे जातीचे आगर आहे हे त्यांनी ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात स्पष्ट बजावले होते. गावच्या आणि प्रांताच्या सत्तेवर अंकुश ठेवणारे समर्थ केंद्र त्यांना हवे होते, कारण स्थानिक सत्ता कोणाच्या हाती असते हे त्यांना आपल्याइतके दुसऱ्या कोणी सांगण्याची गरज नव्हती.

तरीही विरोध झालाच. मध्यप्रांत-वऱ्हाडचे प्रतिनिधी हरि विष्णु कामथ यांनी ऑगस्ट १९४९ मध्ये जर्मनीच्या वायमार घटनेचा दाखला दिला. त्या घटनेच्या ४८ व्या कलमाने राष्ट्राध्यक्षाला मूलभूत अधिकार स्थगित करण्याची मुभा दिली होती, आणि फेब्रुवारी १९३३ मध्ये हिटलरच्या सरकारने राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांच्या सहीने त्याच कलमाखाली नागरी स्वातंत्र्य संपविले. कामथांचा इशारा पोकळ नव्हता. राज्यांतील राष्ट्रपती राजवटीच्या कलमावर उत्तर देताना बाबासाहेबांनीही दुरुपयोगाची शक्यता नाकारली नाही. ही कलमे वापरण्याची वेळच येऊ नये, ती कागदावरच राहावीत, अशी आशा त्यांनी बोलून दाखविली.

येथे एक विसंगती दिसते. बत्तिसाव्या कलमाला, म्हणजे हक्कासाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याच्या अधिकाराला, बाबासाहेबांनी घटनेचा आत्मा म्हटले होते. आणि आणीबाणीत हाच आत्मा स्थगित होऊ शकेल हेही त्यांनी मान्य केले. मग त्यांचा भरवसा कशावर होता? राष्ट्रपती हा इंग्लंडच्या राजासारखा मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालेल, मंत्रिमंडळ संसदेला जबाबदार राहील, उद्घोषणा दोन महिन्यांत संसदेपुढे येईल, या साखळीवर. ही साखळी जिच्या बळावर टिकायची, तिला ते सांविधानिक नीतिमत्ता म्हणत. ती आपल्या मातीत उपजत नाही, जोपासावी लागते, हेही त्यांनीच सांगितले. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी राजकारणातील विभूतिपूजा हा हुकूमशाहीकडे जाणारा हमखास मार्ग आहे, असे बजावले. सव्वीस वर्षांनी नेमके तेच घडले.

२५ जून १९७५ च्या रात्री पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांना पत्र पाठविले. मंत्रिमंडळाची बैठक झालेली नव्हती. कामकाज नियमांतील बाराव्या नियमाने निकडीच्या प्रसंगी पंतप्रधानाला ही पायरी ओलांडता येते, असा आधार पत्रात घेतला होता. राष्ट्रपतींनी सही केली. मंत्रिमंडळाला दुसऱ्या दिवशी सकाळी कळले आणि त्याने मान्यता दिली. आणीबाणीचे कारण 'अंतर्गत अशांतता' असे देण्यात आले. या शब्दांत काय बसते आणि काय बसत नाही याला माप नव्हते. दोनच दिवसांनी चौदा, एकवीस आणि बावीस या कलमांसाठी न्यायालयात जाण्याचा हक्क स्थगित झाला. अडतिसाव्या घटनादुरुस्तीने राष्ट्रपतींची खात्री न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेली. संसद चालू होती, सह्या होत होत्या, राजपत्र छापले जात होते. घटना न मोडता घटना निकामी करता येते, हे देशाने पाहिले.

शहा आयोगाने नंतर नोंदविलेले आकडे असे : मिसाखाली ३४,९८८ जण स्थानबद्ध, आणि संरक्षण कायदा व नियमांखाली ७५,८१८ जणांना अटक. नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांचे अर्ज ऐकता येतात असे म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक मताने ते फिरविले. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरोधात उभे राहिले, आणि जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून कनिष्ठ न्यायाधीश सरन्यायाधीश झाले. चौघांमध्ये आपल्या महाराष्ट्राचे यशवंतराव चंद्रचूड होते. तो निकाल २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने चूक ठरविला. त्या पीठातील एक निकालपत्र त्यांचेच पुत्र धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले. न्यायालयाला आपली चूक मान्य करायला एक्केचाळीस वर्षे लागली.

आणीबाणीचा इतिहास लिहिताना प्रस्थापित लेखक तुरुंगातील पुढारी आणि वृत्तपत्रांची कापलेली पाने यांच्यावरच थांबतात. ते खरेच आहे, पण अपुरे आहे. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८१ लाखांवर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. माझे आजोबा शेतमजूर होते. 'आणीबाणी' हा शब्द त्यांच्या तोंडी कधी आला नाही. ते त्या वर्षाला 'कॅम्पाचं साल' म्हणत. आठवडी बाजारातून त्यांना गाडीत घालून नेले होते. तक्रार कुठे करायची हे त्यांना ठाऊक नव्हते. आणि ठाऊक असते, तरी न्यायालयाचे दार त्या वेळी बंद होते. ज्याच्याकडे पैसा, जात, ओळख आहे त्याला सत्तेपर्यंत पोहोचायला दहा दारे असतात. आपल्याला बाबासाहेबांनी एकच दार करून दिले, ते म्हणजे कायद्याचे. ते बंद झाले की सर्वांत आधी आपला श्वास कोंडतो.

आणि तरीही आपल्यातील काही नेते आणि लेखक-कार्यकर्ते आणीबाणीच्या बाजूने उभे राहिले, हे लपवून चालणार नाही. त्याची कारणेही होती. वीस कलमी कार्यक्रमात भूमिहीनांना जमीन होती. वेठबिगारी रद्द करणारा वटहुकूम ऑक्टोबर १९७५ मध्ये निघाला. ज्यांना लोकशाहीच्या पंचवीस वर्षांत काही मिळाले नव्हते, त्यांना हुकूम गोड वाटला तर त्यांना एकट्यांनाच दोष देता येत नाही. पण वरून मिळालेला हक्क वरूनच काढून घेता येतो, हे ओळखायला आपण उशीर केला.

१९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने काही कुलपे बसविली. ती प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असली पाहिजेत. 'अंतर्गत अशांतता' जाऊन 'सशस्त्र बंड' आले. मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय मिळाल्याशिवाय राष्ट्रपतीला उद्घोषणा करता येत नाही. एका महिन्याच्या आत दोन्ही सभागृहांनी एकूण सदस्यांच्या बहुमताने आणि उपस्थितांच्या दोनतृतीयांश मतांनी मान्यता द्यावी लागते, आणि ती दर सहा महिन्यांनी नव्याने घ्यावी लागते. लोकसभेने साध्या बहुमताने नामंजुरी दिली की उद्घोषणा मागे घ्यावी लागते. विसावे आणि एकविसावे कलम, म्हणजे जीविताचे आणि स्वातंत्र्याचे संरक्षण, कोणत्याही आणीबाणीत स्थगित करता येत नाही. मार्च १९७७ नंतर आजवर राष्ट्रीय आणीबाणी पुकारली गेलेली नाही.

लष्कराविषयीही बाबासाहेबांच्या घटनेने सावधगिरी बाळगली आहे. त्रेपन्नाव्या कलमाने सैन्याचे सर्वोच्च अधिपत्य राष्ट्रपतीकडे दिले, पण त्याच वाक्यात त्याचा वापर कायद्याने नियमित होईल अशी अट घातली. सैन्याचा पैसा संसदेच्या मंजुरीविना निघत नाही. लष्करी कायदा पुकारण्याचा अधिकार राष्ट्रपतीला देणारे स्वतंत्र कलमच नाही. मात्र १९५८ च्या सशस्त्र दले विशेषाधिकार कायद्याने ईशान्येत आणीबाणी न पुकारताच सैनिकाला गोळी घालण्याचा अधिकार दिला, आणि त्याच्यावर खटला भरायला केंद्राची परवानगी लागते. घटनेचे दार लावले तरी साध्या कायद्याची खिडकी उघडी राहते, याचे हे उदाहरण.

कुलपांतही फटी आहेत. चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीचे तिसरे कलम स्थानबद्धांना अधिक संरक्षण देणारे होते. संसदेने ते मंजूर केले, पण ते लागू करण्याची अधिसूचना कोणत्याही पक्षाच्या सरकारने आजवर काढलेली नाही. आणि तो बारावा नियम? २३ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी महाराष्ट्रातील राष्ट्रपती राजवट उठली, ती मंत्रिमंडळाची बैठक न घेता, त्याच नियमाच्या आधाराने. राजवट लादणे आणि उठविणे यांत फरक आहे, हे खरे. परंतु १९७५ ची वाट बुजलेली नाही, एवढे त्यातून दिसते.

त्या विद्यार्थ्याला पुढच्या तासाला मी सांगितले : होय, ते कलम बाबासाहेबांनी मांडले. त्याचा दुरुपयोग होऊ शकतो हेही त्यांनी मान्य केले होते, आणि तो कसा टळेल हेही सांगून ठेवले होते. आपण त्यांचा फोटो भिंतीवर लावला आणि इशारा विसरलो. घटनेला हार घालणारे पुष्कळ आहेत. ती उघडून, कलमावर बोट ठेवून, सही करणाऱ्याला जाब विचारणारे हवेत. तो मुलगा तासानंतर ग्रंथालयात गेला आणि घटनेची प्रत मागू लागला. एवढे प्रत्येक वस्तीत घडले पाहिजे.