शूल फिरविणारा

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं मांस शिजत नसेल. तथापि शूलावर भाजण्याच्या विलायती रीतीचा इतिहास त्यांनींही ऐकण्याजोगा आहे. अशा पक्वान्नाची वाखाणणी होते तेव्हां आचाऱ्याचें नांव निघतें, शूल फिरविणाराचें निघत नाहीं. वस्तुतः सारी खुबी त्या फिरविण्यांतच आहे, असें आम्हांस वाटतें. मांस सारखें फिरत राहिलें म्हणजे रस व चरबी लगेच गळून न जातां वरच्यावरच खेळतात, आणि आंच एकाच अंगास लागत नाहीं. जें गळेल तें खालच्या तसराळ्यांतून पळीनें पुन्हा वर ओतावयाचें. आज घरगुती भट्टींत हें फिरविणें विजेवर होतें.

पूर्वीं मात्र धगीपुढें तासन् तास बसावें कोणीं? इंग्लंडांत आठव्या हेन्रीच्या मुदपाकखान्यांत हें काम पोरांकडे असे. १५२६ च्या राजवाड्याच्या नियमांत, स्वयंपाकघरांतील पोऱ्यांनीं नागडें किंवा गलिच्छ कपड्यांत वावरूं नये, असें कलम घालावें लागलें! पुढें पोराच्या जोडीला कुत्रा आला. जॉन कायसच्या, १५७६ सालीं इंग्रजींत उतरलेल्या श्वानग्रंथांत त्याची नोंद आहे. चाकांत चालून तो शूल फिरवी. धुराड्यांतील ऊन हवेनें फिरणारा पंखा लिओनार्दोनें त्यापूर्वींच रेखाटला होता. पण कुत्र्याची सुटका व्हावयास एकोणिसावें शतक उजाडलें, आणि काम संपतांच ती जातही नाहींशी झाली. वेल्समधील अ‍ॅबरगॅव्हेनीच्या संग्रहालयांत तसला एक कुत्रा पेंढा भरून ठेविलेला आहे. त्याचें नांव मात्र राहिलें: व्हिस्की.