न विचारता येणारे प्रश्न : चांदा जिल्हा आणि सभागृहातील प्रश्नोत्तरे

लोकप्रतिनिधीने सभागृहात उभे राहून मंत्र्याला जाब विचारावा आणि मंत्र्याने नेमलेल्या दिवशी त्याचे उत्तर द्यावे, ही प्रथा आज संसदीय राज्यपद्धतीत गृहीतच धरली जाते. परंतु आजचे चंद्रपूर व गडचिरोली मिळून जो जुना चांदा जिल्हा होत असे, त्याच्या बाजूने या प्रथेकडे पाहिले, तर तिचा इतिहास हा बव्हंशी विचारण्यास मनाई असलेल्या विषयांचा इतिहास ठरतो. प्रश्न विचारण्याचा हक्क कायद्याने टप्प्याटप्प्याने वाढत गेला खरा, पण वर्धा, वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी आणि इंद्रावती या नद्यांनी वेढलेल्या या वनप्रदेशातील माणसांच्या जगण्याचे जे विषय होते, ते पुष्कळदा त्या हक्काच्या कुंपणाबाहेरच राहिले.

1858 मध्ये गोंड जमीनदार बाबुराव शेडमाके यांचा इंग्रजांविरुद्धचा उठाव मोडून त्यांना चांद्यास फाशी दिल्यानंतरच्या काळात या भागातील रयतेपुढे सरकारदरबारी म्हणणे मांडण्याचा एकच मार्ग उरला होता, तो म्हणजे अर्ज-विनंतीचा. 1861 मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला, पण त्याला स्वतःचे कायदे कौन्सिल, म्हणजे कायदे करणारी सभा, मिळाले नाही. 1892 च्या कायद्याने हिंदुस्थानातील कौन्सिलांच्या सभासदांना प्रथमच सरकारला प्रश्न विचारण्याची मुभा दिली. मात्र मिळालेल्या उत्तरावर चर्चा करता येत नसे आणि उपप्रश्नही, म्हणजे उत्तरातूनच निघणारा पुढचा प्रश्न, विचारता येत नसे. 1909 च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी उपप्रश्नाची वाट उघडली, तीही मूळ प्रश्न विचारणाऱ्या सभासदापुरतीच. मुंबई, मद्रास, बंगाल येथील सभासद हा हक्क वापरू लागले, त्या वेळी नागपुरात कौन्सिलच नव्हते. मध्य प्रांताचे कौन्सिल 1914 मध्ये भरले, आणि तोवर कलकत्त्याच्या वरिष्ठ कौन्सिलात जाणारे गंगाधरराव चिटणवीस यांच्यासारखे मोजके प्रतिनिधी सोडले, तर या प्रांताला प्रश्न विचारणारा आवाजच नव्हता.

जो हक्क 1914 मध्ये मिळाला, त्याच्या नियमांत चांदा जिल्ह्यासाठी फार महत्त्वाची एक मर्यादा होती. ब्रिटिश सरकारचे परराष्ट्रांशी असलेले संबंध आणि हिंदी संस्थानिकांशी असलेले संबंध हे दोन्ही विषय प्रांतिक सभासदाच्या कक्षेबाहेर ठेवलेले होते. नागपूर किंवा जबलपूरच्या सभासदाला ही मर्यादा दूरची वाटली असेल. चांद्याच्या माणसाला ती रोज दिसत होती. बल्लारपूरच्या किल्ल्याखालून वाहणारी वर्धा नदी ओलांडली की निजामाचे राज्य सुरू होई, राजुरा हे त्या राज्यातील गाव होते, दक्षिणेकडे प्राणहिता व गोदावरीच्या पलीकडेही निजामच होता आणि पूर्वेला इंद्रावतीपलीकडे बस्तर संस्थान होते. बाजार, सोयरीक, चराई, मजुरी आणि लाकडाची वाहतूक हे सारे व्यवहार दोन्ही काठांवर चालत. पण त्या व्यवहारातून उद्भवणारी तक्रार निजामाच्या वा बस्तरच्या कारभाराला स्पर्श करू लागली, की तो ‘संस्थानी संबंधां’चा विषय बनून नागपूरच्या सभागृहात अग्राह्य ठरण्याच्या टप्प्यात येई. दिल्लीत ज्याला परराष्ट्र-धोरण म्हटले जाते, ते चांद्यात नावेने पार करता येण्याइतके जवळ होते, आणि तरीही त्याविषयी प्रश्न करण्याची सोय नव्हती.

1919 च्या कायद्याने कौन्सिलांचे स्वरूप पालटले. उपप्रश्न कोणत्याही सभासदाला विचारता येऊ लागला आणि लोकनियुक्त सभासदांतून मंत्री नेमले जाऊ लागले. परंतु या सुधारणांनी आणलेल्या द्विदल राज्यपद्धतीत खात्यांचे दोन वाटे होते. शिक्षण, आरोग्य, अबकारी यांसारखी ‘सोपीव’ खाती मंत्र्यांकडे, तर जमीनमहसूल, पोलीस यांसारखी ‘राखीव’ खाती गव्हर्नर व त्याच्या कार्यकारी मंडळाकडे होती. जंगल खाते मुंबई आणि ब्रह्मदेश या प्रांतांत मंत्र्यांकडे सोपवण्यात आले, मध्य प्रांतात मात्र ते राखीवच राहिले. ज्या जिल्ह्यात सागवान, बांबू, मोहफूल आणि चराई यांवर माणसे जगत होती, तेथील जंगलाविषयी सभासदाने प्रश्न विचारला, तरी उत्तर देणारा अधिकारी सभागृहाच्या विश्वासावर पदावर नव्हता आणि अविश्वासाने त्याला घालवताही येत नव्हते. या व्यवस्थेतील पोकळपणावर मध्य प्रांताच्या कौन्सिलने जितका थेट आघात केला, तितका फार थोड्या प्रांतांनी केला. 1923 च्या निवडणुकीत स्वराज्य पक्षाने येथे बहुमत मिळवले, मंत्रिपदे नाकारली आणि 1924 मध्ये मंत्र्यांचे वार्षिक वेतन 2 रुपयांवर आणून ठेवले. प्रश्नाला खरे उत्तर मिळत नसेल, तर उत्तर देणाऱ्याचे वेतनच रोखायचे, हा संसदीय लढ्यातला जुना आणि न्याय्य डावपेच होता. तरीही जंगलाचा प्रश्न सभागृहात सुटला नाही; 1930 मध्ये लोकनायक अणे यांनी पुसद येथे जंगल सत्याग्रह केला आणि विदर्भातील जंगल कायद्याचा विषय कौन्सिलच्या बाकांवरून थेट रानात गेला.

1935 च्या कायद्याने प्रांतांना स्वायत्तता दिली, 1937 मध्ये नागपुरात डॉ. ना. भा. खरे यांचे मंत्रिमंडळ आले आणि जंगलासह सर्व खाती प्रथमच सभागृहाला जबाबदार झाली. पण याच वेळी चांदा जिल्ह्याचा मोठा भाग दुसऱ्या एका कुंपणात गेला. 1936 च्या आदेशाने देशातील काही आदिवासी मुलूख ‘वगळलेले’ आणि काही ‘अंशतः वगळलेले’ म्हणून जाहीर करण्यात आले. सिरोंचा तहसिलीतील अहेरीची विस्तीर्ण जमीनदारी आणि गडचिरोली तहसिलीतील धानोरा, मुरूमगाव, रांगी, खुटगाव, गेवर्धा, पोटेगाव आदी 15 जमीनदाऱ्या या दुसऱ्या वर्गात होत्या. अंशतः वगळलेल्या मुलखात मंत्र्यांचा कारभार चाले, परंतु विधिमंडळाने केलेला कायदा गव्हर्नरने जाहीर आदेश काढल्याशिवाय तेथे लागू होत नसे. पूर्णपणे वगळलेल्या मुलखाविषयी तर गव्हर्नरच्या संमतीविना प्रश्नसुद्धा विचारता येऊ नये, अशी तरतूद कायद्यातच होती. गडचिरोली-अहेरीवर ती लागू झाली नाही, हे सुदैव म्हणायचे. आदिवासींना सावकार आणि ठेकेदार यांच्यापासून जपावे, हा या व्यवस्थेमागचा युक्तिवाद सर्वस्वी खोटा नव्हता. परंतु संरक्षणाच्या नावाखाली ज्यांचे संरक्षण करायचे त्यांचेच प्रश्न सभागृहापासून दूर ठेवले गेले, हेही तितकेच खरे आहे. या मुलखातील वेठबिगार, कर्जबाजारीपणा आणि जमीनदारांचा अंमल यांचे सविस्तर चित्र पुढे आले, ते आमदारांच्या प्रश्नांतून नव्हे, तर विल्फ्रिड ग्रिगसन या अधिकाऱ्याच्या 1944 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालातून.

स्वातंत्र्यानंतर ही कुंपणे एकामागून एक पडली. निजामाचे राज्य गेले, 1951 मध्ये जमीनदाऱ्या संपल्या, राज्यपुनर्रचनेनंतर 1956 मध्ये चांदा मुंबई राज्यात आला आणि राजुरा हैदराबाद राज्यातून निघून अखेर याच जिल्ह्याला जोडला गेला. 1953 च्या नागपूर करारात, म्हणजे मराठी प्रदेशांतील नेत्यांमध्ये संयुक्त राज्यासाठी झालेल्या समझोत्यात, विधिमंडळाचे वर्षातून एक अधिवेशन नागपुरात भरवण्याचे ठरले होते, आणि 1960 पासून सुरू झालेल्या हिवाळी अधिवेशनाने मुंबईहून दूर असलेल्या या जिल्ह्यांना मंत्र्यांच्या जवळ आणले.

1962 चे वर्ष या इतिहासात वेगळे उठून दिसते. चीनच्या आक्रमणामुळे यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि त्यांच्या जागी चांदा जिल्ह्याचे मारोतराव कन्नमवार 20 नोव्हेंबरला महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. ज्या जिल्ह्याला प्रश्न विचारण्यासाठीही वाट पाहावी लागली, तो आता उत्तर देण्याच्या आसनावर बसला. त्याच सुमारास संसदेने युद्धाचे कारण देऊन प्रश्नोत्तराचा तास स्थगित ठेवला होता. त्याच वर्षी चांद्यातून लाल श्यामशाह हे पानाबरसचे आदिवासी नेते अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले. 1964 च्या आरंभी पूर्व पाकिस्तानात दंगली उसळल्या, निर्वासितांचे लोंढे भारतात आले आणि त्यांपैकी अनेकांना दंडकारण्यात व चांदा जिल्ह्यात वसवण्याचा निर्णय झाला. आज चामोर्शी आणि मुलचेरा परिसरात दिसणाऱ्या बंगाली वसाहतींचे मूळ या पुनर्वसनात आहे. आदिवासींच्या जमिनीचे व जंगलाचे काय होणार, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळेना, तेव्हा लाल श्यामशाह यांनी 1964 मध्ये सदस्यत्वाचाच राजीनामा दिला. निर्वासितांचा दोष नव्हता, त्यांना आसरा देणे राष्ट्राचे कर्तव्यच होते. पण ढाक्याच्या घडामोडींचा भार गडचिरोलीच्या रानावर कसा येतो, हे विचारणारा खासदार सभागृहातून बाहेर पडावा, ही त्या सभागृहाची हानी होती. परराष्ट्र-धोरण आणि अंतर्गत धोरण यांना वेगवेगळे मानणाऱ्या प्रश्न-व्यवस्थेचे अपुरेपण या एका प्रसंगात जितके स्पष्ट होते, तितके अन्यत्र क्वचितच होते.

आज विचारला जाणारा प्रश्न कसा असतो, हेही येथे पाहणे आवश्यक आहे. ज्याचे उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात आणि ज्यावर उपप्रश्न विचारता येतात, तो ‘तारांकित’ प्रश्न; ज्याचे उत्तर केवळ लेखी मिळते, तो ‘अतारांकित’. महाराष्ट्र विधानमंडळाच्या छापील यादीत प्रश्नाला एक ठरीव घडण असते : अमुक तालुक्यात अमुक घडल्याचे निदर्शनास आले, ‘हे खरे आहे काय’, असल्यास शासनाने चौकशी केली आहे काय, त्यानुसार कोणती कार्यवाही केली, आणि नसल्यास ‘विलंबाची कारणे काय आहेत’. उत्तराच्या बाजूलाही ठरलेली वाक्ये असतात : ‘हे खरे आहे’, ‘हे अंशतः खरे आहे’, ‘हे खरे नाही’ आणि शेवटच्या उपविभागापुढे बहुधा ‘प्रश्न उद्भवत नाही’. ‘अंशतः खरे आहे’ या वाक्याखाली शासनाने किती मान्य केले आणि किती टाळले, हे ओळखणे हेच अनुभवी आमदाराचे कौशल्य, कारण त्याचा पहिला उपप्रश्न तेथूनच निघतो. मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या शब्दाचा पाठपुरावा आश्वासन समिती करते. लोकसभेत अशी समिती 1953 पासून काम करीत आहे. या समितीकडे अभ्यासकांचे आणि वृत्तपत्रांचे लक्ष फार कमी जाते, आणि प्रश्नाचे खरे आयुष्य तर उत्तरानंतरच सुरू होते.

26 ऑगस्ट 1982 रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यानंतरच्या काळात विचारण्यास मनाई असलेला विषय जवळपास उरला नाही, पण उत्तर नेमके कोणी द्यायचे याचा घोळ मात्र वाढला. सूरजागडच्या लोहखनिजाचे उदाहरण घेतले, तर खाणपट्टा राज्य शासन देते, त्याचा कायदा केंद्राचा आहे, वनजमीन वळवण्याची मंजुरी केंद्राची लागते, बंदोबस्त राज्य पोलीस आणि केंद्रीय दले मिळून करतात आणि ग्रामसभेच्या संमतीचा प्रश्न 1996 च्या पेसा कायद्याखाली, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींच्या कायद्याखाली, व 2006 च्या वनहक्क कायद्याखाली उभा राहतो. लोकसभेच्या नियमांनुसार जो विषय प्रामुख्याने भारत सरकारच्या कक्षेतील नाही, त्यावर तेथे प्रश्न घेतला जात नाही, तर केंद्राच्या निर्णयाविषयी राज्याच्या मंत्र्याला बोलते करता येत नाही. सिरोंच्याजवळ गोदावरीवर तेलंगणाने बांधलेल्या मेडीगड्डा बंधाऱ्याचेही असेच झाले : ऑगस्ट 2016 मध्ये दोन राज्यांनी करार केला, 2019 मध्ये बंधाऱ्याचे लोकार्पण झाले, शेतात पाणी शिरले ते महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या आणि बंधारा होता शेजारच्या राज्याचा. जिवती तालुक्यातील 14 गावांत तर रहिवाशांकडे महाराष्ट्र आणि तेलंगणा अशा दोन्ही राज्यांची शिधापत्रिका व मतदार ओळखपत्रे आहेत. तेथील नागरिकाचा प्रश्न कोणत्या सभागृहात ग्राह्य धरायचा, हा निजामाच्या काळापासून चालत आलेल्या सीमेचाच अवशेष आहे.

चिकाटीने विचारलेल्या प्रश्नाने काय साधते, याचा दाखलाही याच भूमीने दिला आहे. चंद्रपूरचे तत्कालीन खासदार हंसराज अहीर यांनी कोळसा खाणपट्ट्यांच्या वाटपाचा विषय संसदेत आणि संसदेबाहेर लावून धरला, 2012 मध्ये केंद्रीय दक्षता आयोगाकडे तक्रार गेली, केंद्रीय अन्वेषण विभागाचा तपास सुरू झाला आणि सप्टेंबर 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 214 खाणपट्ट्यांचे वाटप रद्द केले. हे यश एकट्या माणसाचे नव्हे, त्यात महालेखापरीक्षकांचा अहवाल आणि न्यायालयीन याचिका यांचा मोठा वाटा आहे. तथापि कोळशाच्या धुळीत राहणाऱ्या मतदारसंघाच्या प्रतिनिधीने हा विषय उचलावा, यात औचित्य आहे. दुसरा दाखला सभागृहाबाहेरचा आहे. 2005 च्या मूळ माहिती अधिकार कायद्यात, जी माहिती संसदेला वा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही, असे सूत्र घालण्यात आले होते, म्हणजे आमदाराचा हक्क तत्त्वतः नागरिकापर्यंत पोहोचला होता. नागरिकांच्या अशा चिकाटीचे उदाहरण म्हणजे मेंढा (लेखा) : धानोरा तालुक्यातील या गावाला सामूहिक वनहक्क मिळाल्यावरही वनखाते बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्यास तयार नव्हते. गावाने लेखी पाठपुरावा सोडला नाही आणि 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत गावात येऊन परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले.

288 आमदारांच्या विधानसभेत गडचिरोली जिल्ह्याचे तीन आमदार आहेत, आरमोरी, गडचिरोली आणि अहेरी, आणि तिन्ही जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. त्यांनी व त्यांच्या आधीच्यांनी विचारलेले प्रश्न आणि शासनाने दिलेली उत्तरे नागपूर, मुंबई व दिल्ली येथील कार्यवाहीच्या खंडांत विखुरलेली आहेत. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जिल्हा ग्रंथालयांनी व गोंडवाना विद्यापीठाने 1914 पासूनची ही सर्व सामग्री एकत्र करावी, तिची तालुकावार सूची करावी आणि ज्या गावाविषयी उत्तर दिले गेले त्या गावच्या ग्रामसभेला ते मराठीबरोबरच गोंडी व माडिया भाषांत वाचून दाखवण्याची व्यवस्था शासनाने करावी, ही मागणी आता लावून धरली पाहिजे.