हस्तांदोलनाचा गुन्हा : फ्लोरिडा, १९५०

अमेरिकेतील काळ्यांच्या लढ्याविषयी आपल्याकडे जे काही लिहिले-बोलले जाते ते बहुधा १९५५ च्या माँटगोमेरीपासून सुरू होते आणि ब्लॅक पँथरपाशी येऊन थांबते. हे स्वाभाविकच आहे. १९७२ साली मुंबईत ज्या तरुणांनी दलित पँथर उभी केली, त्यांनी नावच तिकडून घेतले होते. परंतु माँटगोमेरीच्या आधीच्या दहा वर्षांत दक्षिणेकडच्या राज्यांत एक वेगळीच लढाई चालू होती. ती बसमधल्या जागेसाठी नव्हती, मतपेटीसाठी होती. ह्या लढाईतील एक प्रकरण आपण मुद्दाम वाचावे असे आहे. कारण त्यात शोषितांना मताचा हक्क मिळाल्यानंतर काय घडते ते दिसते. हक्क मिळेपर्यंतचा इतिहास सगळेच सांगतात.

वरवर पाहता हे प्रकरण दोन गोऱ्या पुढाऱ्यांचे आहे. १९५० साली फ्लोरिडात छत्तीस वर्षांचा जॉर्ज स्मॅदर्स हा महत्त्वाकांक्षी तरुण चौदा वर्षे सिनेटमध्ये बसलेल्या क्लॉड पेपर ह्यांच्या विरुद्ध उभा राहिला. न्यायाधीशाचा मुलगा, विद्यापीठात खेळ आणि वक्तृत्व दोन्ही गाजवलेला, महायुद्धात मरीन दलातून परतलेला, दिसायला देखणा. आणि मुख्य म्हणजे पेपर ह्यांच्याच पंखाखाली वाढलेला. १९३८ च्या निवडणुकीत विद्यापीठाच्या आवारात पेपर ह्यांचा प्रचार त्याने सांभाळला होता. पुढे सरकारी वकिलाच्या कचेरीत त्याला जागा मिळाली तीही पेपर ह्यांच्या शब्दामुळे. १९४६ मध्ये तो काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहात निवडून गेला आणि दोनच मुदतींत त्याला गुरूची खुर्ची हवीशी वाटू लागली. गुरूला शिष्याने खाली खेचणे ही राजकारणात नवलाची गोष्ट नव्हे. त्यात आपल्याला विशेष रस असण्याचेही कारण नाही. रस आहे तो त्याने कोणत्या शिडीचा उपयोग केला ह्यात.

पेपर कोण होते? रूझवेल्ट ह्यांचे कट्टर अनुयायी. १९३८ च्या किमान वेतनाच्या कायद्यामागे त्यांचा जोर होता. सरकारी आरोग्यविम्याचा पुरस्कार केल्यामुळे डॉक्टरांच्या संघटना त्यांच्यावर रुष्ट होत्या. ड्यू पाँट घराण्याच्या फ्लोरिडातील अफाट मालमत्तेचा कारभारी एड बॉल हा तर पेपर ह्यांना घरी पाठवायचेच अशी गाठ मारून बसला होता. परराष्ट्रनीतीत पेपर रशियाशी मैत्रीची भाषा बोलत. १९४५ साली ते मॉस्कोला जाऊन स्टॅलिनला भेटून आले होते. १९४८ मध्ये ट्रूमन ह्यांना उमेदवारी मिळू नये म्हणून त्यांनी धडपड केली आणि राष्ट्राध्यक्षांचे वैर ओढवून घेतले. ट्रूमन ह्यांनीच आपल्याला बोलावून पेपर ह्यांना पाडायला सांगितले, असे स्मॅदर्सने म्हातारपणी सांगितले आहे. गंमत अशी की सैन्यातील वर्णभेद मोडण्याचा आदेश काढणारे ट्रूमन. नोकऱ्यांत वर्णावरून भेदभाव होऊ नये म्हणून कायमचे आयोगमंडळ मागणारेही ट्रूमनच. आणि त्यांचा हा उमेदवार दक्षिणेत फिरून त्याच आयोगाच्या विरुद्ध घसा कोरडा करीत होता. वरच्या पातळीवरच्या वैरात खालच्या माणसांचे प्रश्न कसे चिरडले जातात, ह्याचे दुसरे उदाहरण शोधावयास नको.

आता पेपर काळ्यांचे मित्र होते का? ह्याचे उत्तर सरळ देता येत नाही. काळ्या माणसाला जमावाने ठार मारण्याविरुद्ध जे विधेयक १९३७-३८ साली सिनेटमध्ये आले, ते भाषणे लांबवून अडवून धरणाऱ्या दक्षिणेकडील सिनेटरांत पेपरही होते. नंतर ते बदलले. मतदानासाठी डोईपट्टी घेण्याची जी पद्धत दक्षिणेत होती, आणि जिच्यामुळे काळ्यांबरोबर गरीब गोरेही मतदानाबाहेर राहत, ती रद्द व्हावी म्हणून चाळीसच्या दशकात त्यांनी विधेयक आणले. वर्णविभक्त शाळा आणि वस्त्या नाहीशा कराव्यात असे मात्र ते कधी म्हणाले नाहीत. आपल्याकडील चांगल्या मनाच्या सुधारकांची जात ज्यांना माहीत आहे त्यांना पेपर ओळखीचे वाटतील.

येथे थोडे थांबून दक्षिणेतील निवडणुकीची रीत समजून घेतली पाहिजे. यादवी युद्धानंतरच्या काळात तेथे डेमोक्रॅटिक पक्षाची एकछत्री सत्ता झाली. नोव्हेंबरमधील सार्वत्रिक निवडणूक हा केवळ उपचार राहिला. खरा निकाल लागे तो पक्षाच्या उमेदवाराची निवड करणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत, आणि ह्या प्राथमिक निवडणुकीत मत देण्याचा अधिकार फक्त गोऱ्यांना होता. काळ्या माणसाला नोव्हेंबरमध्ये मत द्यायला जागा होती. परंतु तोवर सगळे ठरून गेलेले असे. युक्तिवाद असा की पक्ष ही खाजगी संस्था आहे, तिने कोणाला आत घ्यावे हा तिचा प्रश्न. ‘मंदिर आमचे खाजगी आहे’ हे आपण ऐकलेलेच आहे. टेक्सासमधून ह्या रीतीविरुद्ध एकामागून एक खटले गेले. १९३५ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने पक्षाचा खाजगीपणा मान्यही केला. अखेर ह्यूस्टनचे दंतवैद्य लॉनी स्मिथ ह्यांच्या खटल्यात थरगूड मार्शल ह्यांनी बाजू मांडली आणि ३ एप्रिल १९४४ रोजी न्यायालयाने गोऱ्यांची प्राथमिक निवडणूक घटनाबाह्य ठरवली.

‘प्राथमिक निवडणूक’ हा शब्द आपल्याला परका नाही. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारात तो आहे. राखीव ठेवलेल्या १४८ जागांपैकी प्रत्येक जागेसाठी अस्पृश्य मतदारांनी आधी चार उमेदवार निवडायचे आणि त्यांतून एकाची निवड सगळ्या मतदारांनी मिळून करायची, अशी ती व्यवस्था. अमेरिकेच्या दक्षिणेत प्राथमिक निवडणूक ही काळ्यांना बाहेर ठेवणारी भिंत होती. आपल्याकडे ती अस्पृश्यांच्या हाती उरलेली एवढीशी खिडकी होती, आणि तीही दहा वर्षांनी बंद होणार होती. दिशा उलट, परंतु दोन्हीकडे प्रश्न एकच : शेवटचा हात कोणाचा? बाबासाहेबांनी स्वतंत्र मतदारसंघाचा आग्रह धरला तो ह्याचसाठी. आपला प्रतिनिधी जर दुसऱ्यांच्या मतांवर निवडून येणार असेल तर तो आपल्यासाठी तोंड उघडेल कसा, हा त्यांचा सवाल १९४५ च्या ग्रंथातही आहे आणि १९४७ च्या घटनाविषयक निवेदनातही आहे. १९५२ साली उत्तर मुंबईत स्वतः बाबासाहेबच काँग्रेसच्या काजरोळकरांकडून पराभूत झाले. जागा राखीव, काजरोळकरही अस्पृश्यच. कौल मात्र सगळ्या मतदारांचा.

फ्लोरिडात १९४४ च्या निकालानंतर जो माणूस कामाला लागला त्याचे नाव हॅरी मूर. मिम्स नावाच्या गावाचा शाळामास्तर. १९३४ मध्ये त्याने आपल्या परगण्यात काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या राष्ट्रीय संघटनेची शाखा काढली. काळ्या शिक्षकांना गोऱ्यांइतका पगार मिळावा म्हणून १९३७ मध्ये दावा लावण्यात तो पुढे होता. ही संघटना पक्षीय राजकारणात पडत नसे, म्हणून मूरने १९४४ मध्ये पुरोगामी मतदार संघ वेगळा उभारला. काम काय? गावोगाव जायचे, सभा घ्यायची, माणसांना घेऊन नोंदणी कचेरीत जायचे, उमेदवारांना पत्रे पाठवून त्यांची मते विचारायची, आणि उत्तरे आपल्या माणसांपुढे ठेवायची. १९४६ मध्ये त्याची व त्याच्या पत्नीची, हॅरिएट मूर ह्यांची, दोघांचीही नोकरी गेली. तरी १९५० पर्यंत फ्लोरिडात डेमोक्रॅटिक पक्षाच्या यादीत एक लाखाहून अधिक काळे मतदार नोंदले गेले होते. दक्षिणेत इतके मोठे प्रमाण त्या वेळी क्वचितच कोठे होते. फुकट वेळ घालवणाऱ्या एका बडतर्फ मास्तराने मोटार हाकीत केलेले हे काम आहे. आपल्याकडेही खेडोपाडी फिरून समता सैनिक दलाच्या आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या शाखा ज्यांनी काढल्या त्यांची नावे किती ठिकाणी लिहून ठेवलेली आहेत?

मूरचा मतदार संघ पेपर ह्यांच्या बाजूने उभा राहिला. आणि नेमके हेच पेपर ह्यांच्या विरुद्ध हत्यार झाले.

१९५० च्या प्रचाराविषयी एक चुटका जगभर प्रसिद्ध आहे. स्मॅदर्सने म्हणे खेडवळ श्रोत्यांपुढे अवघड शब्द फेकून, पेपर ह्यांची बहीण नाटकात काम करते वगैरे निरुपद्रवी गोष्टी जणू भयंकर पापे आहेत अशा सुरात सांगितल्या. स्मॅदर्सने हे भाषण आपले नव्हेच म्हणून सांगितले, आणि कोणी सिद्ध केल्यास दहा हजार डॉलरचे बक्षीसही लावले. ते कोणी नेले नाही. ते बहुधा पत्रकारांच्या गप्पांतून जन्मलेले असावे. हा चुटका इतका टिकला ह्याचे कारण तो गोड आहे. खेडवळांचे अडाणीपण हसण्यावारी नेता येते. जे खरोखर घडले ते हसण्यासारखे नव्हते.

खरे घडले ते असे. पेपर ह्यांची काळ्या माणसांबरोबरची छायाचित्रे राज्यभर फिरवण्यात आली. गायक पॉल रोबसन ह्यांच्याबरोबर एका व्यासपीठावर असलेले पेपर, हे चित्र सर्वांत मोलाचे. कारण रोबसन काळे होते आणि कम्युनिस्टांचे मित्रही. मतदानाच्या तोंडावर पेपर ह्यांचा ‘लाल इतिहास’ सांगणारी पुस्तिका वाटली गेली. पेपर निवडून आले तर गोऱ्या माणसाला काळ्याच्या शेजारी बसून नोकरी करावी लागेल, ही भीती घरोघर पोहोचवली गेली. पेपर ह्यांच्या बाजूने पुढे तक्रार झाली ती अशी की सभा संपल्यावर एखादा काळा माणूस मुद्दाम पाठवला जाई. तो हात पुढे करी, पेपर हात देत, आणि ठरवून उभा केलेला छायाचित्रकार बटण दाबी.

हात हातात देणे एवढाच गुन्हा. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी दुरून पाणी पिऊन दिवस काढले त्यांना त्या छायाचित्राचा अर्थ समजावून द्यावा लागत नाही. विटाळाला ग्रंथाचा आधार लागतो असे आपण समजतो. फ्लोरिडात ग्रंथ नव्हता, कॅमेरा होता, आणि तेवढ्यावर भागले.

ह्यावर पेपर ह्यांनी काय केले? ते मागे सरले. आयोगाला आपला विरोध आहे, वर्णविभाजन मोडण्याचा आपला विचार नाही, हे ते सांगत सुटले. ज्यांनी त्यांच्यासाठी नोंदणी केली होती त्यांना हे ऐकावे लागले. मला ह्या सगळ्या प्रकरणात स्मॅदर्सपेक्षा ही माघार अधिक बोलकी वाटते. स्मॅदर्सचे वागणे सोपे आहे : त्याला काळ्यांच्या मताची गरज नव्हती, काळ्यांच्या भीतीची होती. पेपर ह्यांना काळ्यांचे मत हवे होते, परंतु ते मत आपल्याला मिळते आहे हे कोणाला दिसू नये असेही वाटत होते. मत गुप्त असते हे ठीक. परंतु मित्रत्वही गुप्त ठेवावे लागत असेल तर त्या मित्रत्वाची किंमत काय, हा प्रश्न संयुक्त मतदारसंघात प्रत्येक शोषित समाजापुढे आहे.

२ मे १९५० रोजी मतदान झाले. स्मॅदर्सला सुमारे ५५ टक्के मते पडली. तो ६७ हजारांच्या फरकाने जिंकला. काळ्यांच्या वस्त्यांतील मते प्रचंड बहुमताने पेपर ह्यांना पडली होती. ती वजा केली तर गोऱ्यांमध्ये पेपर ह्यांचा पराभव किती मोठा होता ते कळते. नोव्हेंबरचा उपचार स्मॅदर्सने सहज पार पाडला आणि १९६९ पर्यंत तो सिनेटर राहिला. शाळांतील वर्णविभाजन मोडणाऱ्या निकालाविरुद्ध दक्षिणेकडील खासदारांनी १९५६ मध्ये जो जाहीरनामा काढला त्यावर त्याची सही आहे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या विरुद्ध त्याने मत दिले.

पेपर बारा वर्षे वकिली करीत राहिले आणि १९६२ मध्ये मायामीतून प्रतिनिधिगृहात परतले. मतदारसंघ बदलला तसा माणूसही मोकळा झाला. १९६४ च्या कायद्याला फ्लोरिडाच्या प्रतिनिधींपैकी पाठिंबा देणारे ते एकटेच होते. १९८९ मध्ये मरेपर्यंत ते त्या गृहात होते आणि वृद्धांचे कैवारी म्हणून नावाजले गेले. तेव्हा १९५० चा भित्रा पेपर खरा की १९६४ चा, असे विचारण्यापेक्षा दोन्ही वेळी त्यांना निवडून देणारे कोण होते ते पाहावे.

मूरच्या वाट्याला एवढीही मुदत आली नाही. १९४९ साली ग्रोव्हलँड गावी चार काळ्या तरुणांवर बलात्काराचा आरोप ठेवण्यात आला; त्यांच्यासाठी तो राज्यभर लढत होता. एकाला पाठलाग करणाऱ्या जमावाने आधीच मारले होते. नोव्हेंबर १९५१ मध्ये फेरखटल्यासाठी नेत असताना शेरीफने बेड्या घातलेल्या दोघांवर गोळ्या झाडल्या, एक मेला. त्या शेरीफला पदच्युत करा म्हणून मूरने आवाज उठवला. त्याच महिन्यात त्याच्याच संघटनेने त्याला कार्यवाहपदावरून दूर केले. वर्गणीदार घटले, शिवाय हा राजकारण फार करतो, अशी तक्रार होती. २५ डिसेंबर १९५१ च्या रात्री, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी, मूर पती-पत्नी झोपलेले असताना त्यांच्या खोलीखाली बाँब फुटला. हॅरी इस्पितळात नेताना वारला. हॅरिएट नऊ दिवसांनी.

कोणालाही शिक्षा झाली नाही. २००६ मध्ये फ्लोरिडा राज्याने पुन्हा चौकशी करून क्लानच्या चार माणसांची नावे जाहीर केली. चौघेही केव्हाच मेलेले होते. ग्रोव्हलँडच्या चौघांना २०१९ मध्ये माफी मिळाली आणि २०२१ मध्ये न्यायालयाने त्यांच्यावरील आरोप काढून टाकले. त्या वेळी चौघांपैकी एकही जिवंत नव्हता.