धारावीतला पोंगल

आम्ही घोडपदेवची मंडळी संक्रांतीला तिळगूळ वाटत असतो, तेव्हा धारावीतल्या तमिळ वस्तीत दारापुढे चुली पेटलेल्या असतात. भांडं उतू गेलं की बायका 'पोंगलो पोंगल' असा गजर करतात. एरवी दूध उतू गेलं की आपला जीव हळहळतो, त्यांच्याकडे तो शकुन. (रथसप्तमीला आपणही मुद्दाम उतू घालवतोच म्हणा!)

यातले पुष्कळजण मूळचे तिरुनेलवेलीकडचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तमिळ मुलखातली माणसं इथे कातडी कमवायला आली. कितीतरी घरांना गावीही स्वतःची शेती नव्हती. तरी नव्या भाताचा सण त्यांनी सोडला नाही. तांदूळ दुकानातला, सूर्य मात्र तोच.

१९६६ साली शिवसेना स्थापन झाली. त्या काळात 'मार्मिक'मध्ये दाक्षिणात्य नावांच्या याद्या छापून येत. याद्यांतली नावं कचेऱ्यांतल्या साहेबांची, दगड पडले ते उडुपी हॉटेलांवर. कातडी कमावणाऱ्याने कुणा मराठी पोराची कारकुनी पळवली होती? पण 'लुंगीवाला' हे त्यालाही ऐकावं लागलंच.

आता धारावीचा पुनर्विकास होतोय. पक्की घरं मिळायलाच हवीत. पण विसाव्या मजल्यावर उघड्या आभाळाखाली चूल कुठे मांडायची, हे त्या बायकांना कुणी विचारलंय का?