ॲग्नेस वेडी नव्हती, आणि रखमाबाईही

आमचा कॉलेजच्या मैत्रिणींचा एक ग्रुप आहे. दर महिन्याला कुणीतरी एक मालिका सुचवतं, सगळ्या बघतात आणि मग आठवडाभर ग्रुपवर नुसता धुरळा. यावेळी पाळी माझी होती. मी बीबीसीची जुनी, चार भागांची मालिका सुचवली, 'द क्रिमझन पेटल अँड द व्हाइट'. २०११ मध्ये आली होती. मिशेल फेबर यांच्या २००२ च्या जाडजूड कादंबरीवर बेतलेली.

बहुतेकींनी नाव वाचलं, ब्रिटिश पीरियड ड्रामा आहे एवढं बघितलं आणि 'डाउनटन ॲबी'सारखं काहीतरी असेल म्हणून चहा घेऊन बसल्या. पहिल्या दहा मिनिटांत चहा गार झाला असणार. १८७४ चं लंडन, चिखल, आजार, कुंटणखाना. गोष्ट थोडक्यात सांगते. शुगर नावाची एकोणीस वर्षांची वेश्या. ती रात्री गुपचूप एक कादंबरी लिहिते, ज्यात ती पुरुषांवर सूड उगवते. विल्यम रॅकहम हा अत्तर-साबणाच्या कारखान्याचा वारसदार. तो तिच्या नादी लागतो, तिला आधी वेगळं घर घेऊन देतो आणि पुढे मुलीची शिक्षिका म्हणून स्वतःच्याच घरात आणतो. त्या घरात त्याची बायको आहे, ॲग्नेस. नाजूक, देवभोळी, आणि सगळ्यांच्या मते वेडी.

ग्रुपवरच्या प्रतिक्रिया मी मुद्दाम लिहून ठेवल्या. चार प्रकारच्या होत्या. एक, 'इतकं घाण दाखवायची गरज काय?' दोन, 'ॲग्नेस डोक्यात जाते, तो बिचारा तरी काय करणार!' तीन, 'त्या काळात असायचंच असं, आता नाही.' आणि चार, 'हा काय शेवट झाला? पुढे काय झालं ते सांगा ना.'

मी पेशाने वकील, बावीस वर्षं कौटुंबिक दावे चालवते. त्यामुळे या चारही प्रतिक्रियांना उत्तर द्यायची खुमखुमी आली. ग्रुपवर लिहिलं असतं तर मैत्रिणींनी म्यूट केलं असतं, म्हणून इथे लिहितेय.

पहिली प्रतिक्रिया. घाण.

मालिकेत शुगर सांगते की तेराव्या वर्षी तिला या धंद्यात ढकललं, आणि ढकलणारी तिची आईच. ग्रुपवर सगळ्यात जास्त 'अतिशयोक्ती आहे' हे इथे लिहिलं गेलं. आता कायदा बघा. इंग्लंडमध्ये १८७५ पर्यंत मुलीचं संमतीवय होतं १२. त्या वर्षी ते १३ केलं. १६ व्हायला १८८५ उजाडलं. म्हणजे शुगर तेरा वर्षांची असताना जे घडलं, ते तिच्या वयापुरतं तरी कायद्याच्या नजरेत गुन्हा नव्हता. आणि आपण नाक मुरडण्याआधी हेही आठवावं, की त्याच इंग्रजांनी हिंदुस्थानात १८६० च्या दंडसंहितेत हे वय १० ठेवलं होतं. ते १२ करताना १८९१ मध्ये पुण्यात केवढं रण माजलं होतं हे आपल्याला शाळेत शिकवलेलं आहे. निदान शिकवायला हवं होतं.

तेव्हा ती घाण दिग्दर्शकाने आणून टाकलेली नाही. ती होतीच. आपल्याला एरवी जे दाखवतात ते झाडून-पुसून दाखवतात, एवढंच.

दुसरी प्रतिक्रिया. 'ॲग्नेस वेडी, विल्यम बिचारा.'

ही वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण लिहिणाऱ्या सगळ्या शिकलेल्या बायका. ॲग्नेसचं काय आहे ते बघा. लग्न होईपर्यंत आणि नंतरही तिला पाळी म्हणजे काय हे कुणी सांगितलेलंच नाही. दर महिन्याला तिला वाटतं, आपल्याला काहीतरी भयंकर झालंय. पोटच्या मुलीला ती आपली मानत नाही. घरी येणारा डॉक्टर तपासणीच्या नावाखाली तिच्याशी जे करतो ते मालिकेत आपण डोळ्यांनी बघतो. आणि कादंबरीत निवेदक वाचकाला सांगूनच टाकतो की तिच्या मेंदूत गाठ आहे, जी त्या घरात कुणालाच माहीत नाही. म्हणजे बाई आजारी आहे, अडाणी ठेवलेली आहे आणि तिच्यावर अत्याचार होतोय. या सगळ्याला मिळून एक सोयीचा शब्द, वेड.

त्या काळी इंग्लंडात पैसेवाल्या घरातल्या बाईला वेड्यांच्या खाजगी इस्पितळात टाकायला काय लागायचं? नवऱ्याने किंवा नातेवाइकाने सही केलेला एक हुकूम आणि दोन डॉक्टरांची प्रमाणपत्रं. बस्स. न्यायाधीश नाही, दंडाधिकारी नाही. खाजगी रुग्णाला दाखल करण्याआधी न्यायाधिकाऱ्याचा आदेश घ्यायची अट १८९० च्या कायद्याने आली.

आता एक खरी बाई. जॉर्जिना वेल्डन. गायिका. नवऱ्यापासून वेगळी राहत होती, लंडनच्या टॅव्हिस्टॉक हाउसमध्ये. हे तेच घर, जिथे आधी चार्ल्स डिकन्स राहायचे. १८७८ मध्ये नवऱ्याने तिला वेड्यांच्या इस्पितळात टाकायचा घाट घातला. डॉक्टर खोटी नावं सांगून घरी आले, गप्पा मारून गेले आणि कागद तयार झाले. न्यायला माणसं आली तेव्हा बाई निसटली. त्या हुकुमाची मुदत सात दिवसांची होती. सात दिवस ती लपून राहिली. मुदत संपली, बाई बाहेर आली, आणि मग तिने सगळ्यांना कोर्टात खेचलं.

पण लगेच नाही, कारण लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या नावाने दावा लावायची मुभाच नव्हती. ती मिळाली १८८२ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याने. मग बाईंनी दाव्यांचा सपाटा लावला. डॉक्टरांवर सुद्धा.

त्यातला एक दावा आपल्या कामाचा आहे. तिने नवऱ्यावर दावा लावला की याने मला नांदवावं. तिकडे याला वैवाहिक हक्क परत मिळवण्याचा दावा म्हणत. मूळ चर्चच्या कोर्टातलं प्रकरण. एकाने घर सोडलं तर दुसऱ्याने कोर्टात जायचं, कोर्ट सांगणार 'परत जा', आणि नाही गेलं तर तुरुंग. जॉर्जिनाला १८८२ मध्ये तसा हुकूम मिळाला. नवरा काही परत आला नाही. म्हणजे आता एका सभ्य, प्रतिष्ठित गृहस्थाला बायकोकडे नांदायला गेला नाही म्हणून तुरुंगात जायची वेळ आली.

मग काय झालं असेल? कायदाच बदलला! १८८४ मध्ये पार्लमेंटने ही तुरुंगाची शिक्षा काढून टाकली. शेकडो वर्षं चाललेली गोष्ट, एका साहेबाच्या अंगाशी आली आणि संपली.

आता १८८४ हे साल लक्षात ठेवा आणि मुंबईला या.

त्याच १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दादाजी भिकाजी नावाच्या गृहस्थाने बायकोवर दावा लावला. बायको म्हणजे रखमाबाई. लग्न झालं तेव्हा अकरा वर्षांची. ती नवऱ्याच्या घरी कधी नांदायला गेलीच नव्हती, आई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्याकडे राहिली, वाचत-शिकत मोठी झाली. तिचं म्हणणं साधं होतं. ज्या लग्नाला मी कळत्या वयात होकारच दिला नाही, त्यात मला ढकलू नका. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. दोघं कधी एकत्र राहिलेच नाहीत तर 'परत' काय मिळवायचं, आणि मुळात ही असली तरतूद हिंदू धर्मशास्त्रात नाही, ती इंग्लंडातून आलेली आहे, हे त्यांनी स्पष्ट म्हटलं.

त्यावर आपल्याकडे गदारोळ. धर्म बुडाला, इंग्रज आमच्या घरात शिरले. 'केसरी' आणि 'मराठा' रखमाबाईंच्या विरोधात. टिळकांबद्दल मला आदर आहे, पण इथे ते चुकले होते असं म्हणायला मी कचरत नाही. गंमत बघा, धर्मरक्षणासाठी आपण ज्या हत्याराचा आग्रह धरत होतो ते इंग्लंडच्या चर्चमधून आलेलं होतं.

अपिलात पिन्ही यांचा निकाल फिरला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन.

जी शिक्षा इंग्लंडात तीन वर्षांपूर्वी रद्द झाली होती, तीच इंग्रजांच्या कोर्टाने मुंबईतल्या एका बावीस वर्षांच्या मुलीला सुनावली. तिकडे साहेब वाचला, इकडे कायदा तसाच राहिला. शेवटी १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन दावा सोडला. रखमाबाई लंडनला गेल्या, स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या, डॉक्टर होऊन परतल्या आणि पुढे सुरतेत वर्षानुवर्षं बायकांवर उपचार केले.

आता तिसरी प्रतिक्रिया. 'त्या काळात असायचंच असं, आता नाही.'

तुरुंगाची शिक्षा आपल्याकडे १९२३ मध्ये गेली. इंग्लंडने १९७० मध्ये कायदा करून हा दावाच मुळासकट काढून टाकला. आणि आपण? हिंदू विवाह कायदा, १९५५. कलम ९. आजही आहे. कोर्टात आम्ही त्याला नुसतं 'नाइन' म्हणतो. हुकूम मानला नाही तर तुरुंग नाही, पण मालमत्ता जप्त होऊ शकते. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने अभिनेत्री सरिता यांच्या प्रकरणात हे कलम घटनाबाह्य ठरवलं. कारण असं की शरीर कुणाच्या स्वाधीन करायचं हे सरकार ठरवू शकत नाही. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवलं. २०१९ मध्ये पुन्हा आव्हान दिलं गेलं.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर माझेच सहकारी कमेंटमध्ये येतील. हा अर्ज बायकाही करतात. घराबाहेर काढलेल्या बाईला 'मी नांदायला तयार आहे' हे कागदावर आणायला तो उपयोगी पडतो. जॉर्जिनानेही तोच वापरला होता. मी स्वतः अशा बायकांचे अर्ज केले आहेत.

पण वर्षानुवर्षं माझ्यासमोर येणारा प्रकार हा. बाई मार खाऊन माहेरी येते. पोटगीचा अर्ज करते. काही दिवसांत नवऱ्याचा 'नाइन' येऊन पडतो. 'मी तर नांदवायला तयार आहे साहेब, तीच येत नाही.' म्हणजे पोटगी नको द्यायला. काही वर्षांपूर्वीची माझी एक पक्षकार, नाव-गाव सांगत नाही, तिच्याविरुद्ध असा हुकूम झाला होता. बाहेर बाकावर बसून तिने मला विचारलं, "मॅडम, म्हणजे आता मला जावंच लागेल का?" मी म्हटलं, नाही ताई, धरून कुणी नेणार नाही. ती म्हणाली, "मग कोर्ट जा का म्हणालं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की असा हुकूम पाळला नाही एवढ्यावरून बायकोची पोटगी आपोआप नाकारता येणार नाही. तिच्यासाठी हा निकाल उशिरा आला. पण आला.

राहिली चौथी प्रतिक्रिया. शेवट. मालिका आणि कादंबरी दोन्ही अचानक थांबतात. शुगर विल्यमच्या छोट्या मुलीला, सोफीला, घेऊन निघून जाते. कुठे, माहीत नाही. कादंबरी आली तेव्हाही वाचक असेच चिडले होते, लेखकाला पत्रं लिहित होते. २००६ मध्ये फेबर यांनी 'द ॲपल' नावाचा कथासंग्रह काढला, त्याच्या प्रस्तावनेत त्या पत्रांविषयी लिहिलं. पण त्यांनीही सरळ उत्तर दिलं नाही.

मला तो शेवट बरोबर वाटतो. या बायकांच्या गोष्टी संपलेल्याच नाहीत, तर लेखक कुठून संपवणार?

शेवटी एक तारीख सांगते आणि थांबते. हिंदू विवाह कायदा, त्यातल्या त्या कलम ९ सह, अमलात आला १८ मे १९५५ ला. डॉ. रखमाबाई गेल्या २५ सप्टेंबर १९५५ ला, वयाच्या ९० व्या वर्षी. ज्या दाव्याविरुद्ध ती मुलगी बाविसाव्या वर्षी तुरुंगात जायला तयार झाली होती, तो आपण स्वतंत्र भारताच्या नव्या कायद्यात तिच्या डोळ्यांदेखत लिहून ठेवला.

ग्रुपवर पुढच्या महिन्याची मालिका दुसरी कुणीतरी सुचवणार आहे. काहीतरी हलकंफुलकं, असं आधीच ठरलंय.