‘खण’ आणि घराचे स्थलांतर

सातारा व सांगली जिल्ह्यांत जुन्या घराचा विस्तार ‘खण’ या शब्दाने सांगण्याची रीत आहे. दोन तुळयांमधील अंतर म्हणजे खण. ‘पाच खणांचे घर’ असे म्हणताना गणना लाकडी सांगाड्याची होते, भिंतींची नव्हे. भाषेतील हा संकेत गृहरचनेच्या इतिहासावर प्रकाश टाकतो.

अशा घरात छपराचा भार मुख्यत्वे तळखड्यांवर उभे केलेले खांब पेलतात. खांब व तुळया बहुधा कुसू आणि खाच यांनी जोडलेल्या असतात. त्यामुळे त्या न तोडता उकलता येतात. मातीची भिंत पाडली की तिची मातीच होते. म्हणून जुन्या घराचे लाकूड नव्या घरास लावणे ही केवळ काटकसर नव्हे. ती मूळ रचनेतच असलेली सोय होय.

या सोयीची कसोटी धरणांनी पाहिली. १९६० नंतरच्या दशकांत पाटण-जावळी भागात कोयनेच्या, तर शिराळा तालुक्याच्या बाजूस वारणेच्या जलाशयाखाली गावे गेली. जमीन व भिंती बुडाल्या. नेण्याजोगे होते ते खांब, चौकटी आणि कौले. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपात दगडमातीच्या भिंती मोठ्या प्रमाणावर कोसळल्या, तेव्हाही भिंत आणि सांगाडा यांतील हा भेद महत्त्वाचा ठरला.

आता वाडे पाडल्यावर खांब सुटे विकले जातात व पुष्कळदा केवळ शोभेसाठी उभे राहतात. लाकूड वाचते; परंतु कोणता खांब कोणत्या खणाचा, हे ज्ञान लोपते. यास्तव सांगाडा उकलण्यापूर्वीच त्याची मोजमापे व सुतारांची परिभाषा यांची एकत्र नोंद होणे अगत्याचे आहे.